कौसाबाईच्या पायाची पट्टी

हे सांगावं की नाही, यातच माझी बरीच वर्षं गेली. सांगितलं की लोक दोनच गोष्टी म्हणतात. आमच्या ख्रिस्ती मंडळीतले म्हणतात, "वा, प्रभूनं तुमाले दर्शन देल्लं!" आणि बाकीचे म्हणतात, "उन्ह लागलं असंल भाऊ." मला दोन्ही ऐकून राग येतो. दर्शन मिळण्यासारखं मी काहीच केलं नव्हतं. उलट त्या दिवसांत मी खोटं बोलत होतो, तेही पाळकसाहेबांशी आणि तेही देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, दारात उभं राहून. उन्हाचं म्हणाल तर आमच्या भागात जन्म काढलेल्या माणसाला उन्ह लागणं म्हणजे काय ते चांगलं ठाऊक असतं. म्हणून आता जसं घडलं तसं लिहून ठेवतो. याचा अर्थ मला विचारू नका. तो मला तेव्हाही लागला नव्हता.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. जानेफळच्या बाजूला एका गावच्या सरकारी दवाखान्यात मी ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्ट्या बांधायच्या, हे माझं काम. मी डावखुरा. बुलढाण्याच्या ज्या कंपाउंडरांनी मला हे काम शिकवलं, त्यांनी माझ्या डाव्या हातावर रूळ मारून मारून पाहिला, पण हात काही बदलला नाही. त्यामुळे माझी पट्टी सगळ्यांच्या उलट्या अंगाने फिरते, आणि शेवटचं टोक फाडून गाठ मी आतल्या बाजूच्या घोट्यावर मारतो. पट्टी पाहिली की अख्खं गाव सांगायचं, ही आपल्या ड्रेसरची. मला त्याचा गर्व होता. गर्व मला बऱ्याच गोष्टींचा होता, खोटं कशाला बोलू.

आमची मंडळी लहान, वीसेक घरांची. दरवर्षी कापणीचा सण व्हायचा. ज्यांना शेती होती ते ज्वारीची कणसं, भोपळे, तुरीच्या शेंगा आणून वेदीपुढे ठेवायचे. आमच्यासारख्या बिनशेतीच्या माणसांसाठी आमच्याकडे एक रीत होती. त्याने उभं राहायचं आणि धान्याच्या जागी एक काम अर्पण करायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या वर्षी माझ्या आधी एक विधवा बाई उठली आणि म्हणाली, "मी वर्षभर देऊळ झाडीन." झालं, मला वाटलं आपण काहीतरी जबर बोललं पाहिजे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नाल्यापलीकडच्या कौसाबाईची जखम मी रोज धुवीन." पाळकसाहेब नगरकडचे, शांत माणूस. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "रोज म्हणता?" "रोज," मी म्हणालो, "रविवारी पण." सगळ्यांनी आमेन म्हटलं. घरी आल्यावर बायकोने पातेलं आपटलं. "रोज म्हनाची काय गरज होती? हप्त्यातून दोनदा म्हटलं असतं तर देव काय नाही म्हनत होता?"

कौसाबाई आमच्यातली नव्हती. चांगल्या माळ्याच्या घरची, मळा असलेली बाई. महारोग झाला, बोटं झडली, पुढे डोळेही गेले. गावाने तिला नाल्यापलीकडे पडीक जमिनीत खोपी बांधून दिली आणि विषय संपवला. तिचा मुलगा गणपत वाईट नव्हता. त्याची बायको रोज सकाळी एका दगडावर भाकर आणि पाण्याचा गडू ठेवून यायची. पण त्या दगडाच्या पुढे घरातलं कोणी पाऊल टाकत नसे. म्हातारीच्या उजव्या पायाला तळव्यात भोक पडलं होतं, रुपयाचं नाणं बसेल एवढं. डॉक्टर मला म्हणाले होते, "हिवाळ्यात चालून जाईल, पण उन्हाळ्यात ही जखम तीन-चार दिवस धुतली नाही तर किडे पडतील, विष वर चढेल आणि म्हातारी हातची जाईल." म्हणजे माझ्या त्या 'रोज'वर एका बाईचा जीव टांगलेला होता. पायाला तिला काही कळत नसे. त्या रोगात असंच असतं, निखारा ठेवला तरी कळत नाही. मी पट्टी सोडायला लागलो की ती विचारायची, "सुरू केलं काय बापू?" आणि मी गाठ मारून उठलो की विचारायची, "झालं काय?"

दवाखाना बाराला बंद व्हायचा आणि तीनला उघडायचा. त्या मधल्या वेळात मी जायचो. हिवाळाभर एक दिवस चुकवला नाही. जाता येता लोक बघायचे, बरं वाटायचं. शिमगा उलटला आणि उन्ह चढलं. काळ्या जमिनीला हात हात भेगा पडल्या. भर बाराला आमच्या शिवारात माणूस दिसत नाही. लोक म्हणतात त्या वेळी बाहेरचं फिरतं. आम्ही ख्रिस्ती, आम्ही असलं मानत नाही, पण बाराच्या ठोक्याला त्या पडीक जमिनीतून एकटं चालताना मी कधी मागे वळून पाहिलं नाही एवढं मात्र खरं. नाला ओलांडला की आवाजच बंद व्हायचा. पाखरू नाही, वारा नाही. आपल्याच चपलांचा आवाज आपल्या मागून आल्यासारखा वाटायचा.

एका शुक्रवारी जेवण करून मी लिंबाखाली जरा टेकलो आणि डोळा लागला तो तीनलाच उघडला. म्हटलं, एक दिवसाने काय होतं. शनिवारी मेहकरहून मेहुणा आला. त्याला सोडून कसं जायचं? रविवारी उपासना लांबली. पेटी मी वाजवायचो, त्यामुळे बारा वाजले तरी मी पेटीपुढेच होतो. खरं सांगायचं तर रविवारपर्यंत आळस राहिला नव्हता, लाज आणि भीती उरली होती. जखम उघडली की काय दिसेल, याची. दारात पाळकसाहेबांनी हात हातात घेऊन विचारलं, "कौसाबाईचं चालू आहे ना?" मी म्हणालो, "चालू आहे साहेब, रोज." एवढ्या सहज बोललो की माझं मलाच नवल वाटलं.

सोमवारी सकाळी दवाखान्यात गणपत आला. हातात पिशवी, पिशवीत काटेरी वांगी. खाली मान घालून उभा राहिला. "ड्रेसरभाऊ, काही चुकलं काय आमचं?" मी विचारलं, काय झालं. "काही नाही. काल भर बाराच्या पारी तुम्ही बुढीकडं जाऊन राह्यले होते. म्या मळ्यातून हाक मारली, दोनदा. तुम्ही वळून बी नाही पायलं. म्हटलं, राग हाय का काय." मी म्हणालो, "काल? काल मी देवळात होतो गणपत." तो हसला. "काऊन मजाक करता? तुमची चाल मले माहीत नाही काय? शुक्रवारी, शनिवारी बी पायलं तुमाले. एवढ्या उन्हात आमच्या मायसाठी कोन जाते? म्हणून हे वांगे आणले." त्याने पिशवी टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला. मी बराच वेळ त्या वांग्यांकडे बघत बसलो. रविवारी बारा वाजता मला पेटी वाजवताना वीस घरांनी पाहिलं होतं.

त्या दिवशी बारा वाजायच्या आधीच मी निघालो. खोपीच्या दारात बाभळीवर जुन्या पट्ट्या धुऊन वाळत घातल्या होत्या आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. त्या उन्हात ओलं कापड अर्ध्या घटकेत कडक व्हायचं. मी आजूबाजूला पाहिलं. ही बाभळ आणि नाल्यावरचा पळस सोडला तर मैलभर सपाट जमीन, लपायला झुडूपसुद्धा नाही. म्हातारी खोपीच्या सावलीत पाय पसरून बसली होती. पायाला पांढरीशुभ्र पट्टी. उलट्या अंगाने फिरवलेली, शेवटचं टोक फाडलेलं आणि गाठ आतल्या घोट्यावर. माझ्या हाताची पट्टी मला ओळखू येणार नाही का? फक्त कापड माझं नव्हतं. एवढं मऊ धुतलेलं कापड आमच्या घरात नव्हतं, दवाखान्यातही नव्हतं.

चाहूल लागताच म्हातारी म्हणाली, "आला काय बापू? काऊन रे, तीन दिवस झाले, तू बोलून नाही राह्यला? बायकोशी भांडला काय?" मी खाली बसलो आणि पट्टी सोडली. जखम स्वच्छ होती, गुलाबी होती, शुक्रवारच्या आधी होती त्यापेक्षा लहान झाली होती. माशी नाही, वास नाही. मी जांभळं पोटॅशचं पाणी ओतलं, नवी पट्टी बांधली. तिने नेहमीसारखं विचारलं, "सुरू केलं काय?" म्हटलं, "झालं माय." ती जरा नाराजीने म्हणाली, "आज नाही कळलं." मी विचारलं, काय नाही कळलं? "तुहा हात. तीन दिवस कळून राह्यला होता ना मले, पायाले. थंडगार. बारा वर्षं झाली बाप्पा, मले पायाले काही कळलं नव्हतं. परवाच्या दिवशी म्या रडली. तुले सांगतलं नाही, तू घुम्यासारखा बसला होता म्हणून." मी सामान गोळा केलं आणि निघालो. नाल्यापर्यंत चाललो आणि तिथून पुढे पळालो, चाळिशीला टेकलेला माणूस.

बायकोला सांगितलं. तिच्या तोंडून पटकन निघालं, "बाहेरचं असंल!" आणि मग तिने जीभ चावली, आणि आम्ही दोघांनी गुडघे टेकून प्रार्थना केली. मनातल्या मनात मी सगळे हिशोब लावून पाहिले. दुसरा ड्रेसर? तो जवळात जवळ मेहकरला, आणि तो उजव्या हाताचा. कोणी चेष्टा करतंय? भर उन्हात, महारोग्याची जखम धुऊन? आमच्या गावात सप्त्याला कीर्तन होतं, लहानपणी मीही कडेला बसून ऐकलं आहे. त्यात अशा गोष्टी असतात, देव भक्ताचं रूप घेऊन त्याचं काम करून जातो. पण तो भक्त तिकडे देवाच्या नावात बुडालेला असतो. मी लिंबाखाली घोरत पडलो होतो. माझ्यासारख्या चुकारासाठी कोण येणार?

पुढचे आठ दिवस मी न चुकता गेलो. रोज म्हातारी विचारायची, "सुरू केलं काय?" आणि रोज म्हणायची, "नाही कळून राह्यलं." आधी तिच्या बोलण्यात नवल होतं, मग कुरकुर आली. "त्या दिवशी कसा केला होता तसा कर ना." मला राग यायला लागला. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण मी खरंच जळत होतो. कोणावर, ते माझं मलाच बोलवत नव्हतं. नवव्या दिवशी मी ठरवलं की आज जायचं नाही, नाल्याच्या अलीकडे बसायचं आणि पाहायचं.

नाल्याच्या काठाला पळसाचं झाड होतं. औषधांची पिशवी मांडीवर घेऊन मी त्याच्या बुंध्याला टेकून बसलो. समोर शंभरेक पावलांवर खोपी आणि खोपीच्या सावलीत म्हातारी. दूरवर शाळेची घंटा वाजली, बाराची. मी पापणी लवू दिली नाही. त्या सपाट रानात माणूस येताना दिसायला हवा होता, कुठल्याही दिशेने आला तरी. पण तो आला कधी, ते मला दिसलं नाही. आधी नव्हता आणि मग होता. म्हातारीपुढे उकिडवा बसला होता, माझ्याकडे पाठ करून. डोक्याला पांढरा दुपट्टा, मी बांधतो तसा. अंगात खाकी सदरा, आणि सदऱ्याला पाठीवर ठिगळ. ते ठिगळ माझ्या बायकोने निळ्या दोऱ्याने लावलेलं होतं. शंभर पावलांवरून दोऱ्याचा रंग दिसायला नको होता, पण मला दिसत होता. तो सदरा त्या वेळी माझ्या अंगावर होता.

म्हातारीचा पाय त्याच्या मांडीवर होता. त्याचा डावा हात फिरत होता, सावकाश. पाण्याचा आवाज माझ्या कानाशी झाल्यासारखा येत होता. म्हातारीने मान मागे टाकली होती, तोंड उघडं होतं, आणि ती काहीतरी सांगत होती, हसत होती. तो बोलत नव्हता. सगळ्या अंगावर काटा आला, भर वैशाखात दात वाजायला लागले. आणि मग, मी तर म्हणेन माझ्या इच्छेविरुद्ध, मी ओरडलो, "कोण हाय बे तिकडं?" त्याचा हात थांबला नाही. मान वळली नाही. पण म्हातारी दचकली. तिने आंधळं तोंड माझ्या दिशेने वळवलं, मग परत समोर वळवलं, मग परत माझ्याकडे. माझा आवाज तिने एकीकडून ऐकला होता आणि माझा हात दुसरीकडे होता. तिचा तो चेहरा मी अजून विसरलो नाही. मी पिशवी तिथेच टाकली आणि घरी पळालो. तिच्याकडे नाही, घरी. त्या बाईला मी त्याच्याजवळ, तो कोण होता ते ठाऊक नसताना, एकटीला सोडून आलो.

ती रात्र घोंगडी पांघरून काढली. सकाळी उठलो तेव्हा एक गोष्ट ठरली होती की म्हातारीला खरं सांगायचं. बाराला गेलो. पळसाखालची पिशवी होती तिथेच होती. ती उचलली आणि खोपीशी गेलो, तर म्हातारीनेच आधी विचारलं, "काल नाल्यापलीकडून तूच वरडला ना?" म्हटलं, "हो माय." "मंग माह्याजवळ कोन होता?" मी तिला सगळं सांगितलं. मी तीन दिवस आलोच नाही, झोपलो, पाहुणा घेऊन बसलो, पेटी वाजवली, पाळकाशी खोटं बोललो, आणि काल बघायला लपून बसलो होतो. ज्याचा हात तुला कळला तो मी नव्हे. मी कधीच नव्हतो. मला वाटलं ती घाबरली असेल. पण ती घाबरली नव्हती. अगदी हळू, विनवणी करावी तसं म्हणाली, "बापू, राग नको मानू. तू नको येत जाऊ मंग. तू आला की तो येत नाही."

मी पट्टी न बदलताच परत आलो. रस्ताभर डोळ्यांतून पाणी येत होतं. तिचं काय चुकलं होतं? मी गेलो की तिचा पाय लाकडाचा, आणि नाही गेलो की बारा वर्षांनी कोणाचा तरी स्पर्श. मग माझ्या जाण्याचा उपयोग काय? आणि नाही गेलो, आणि तोही नाही आला तर? तर किडे पडतील आणि म्हातारी मरेल. देवाची परीक्षा पाहण्यासाठी दुसऱ्याचा पाय वापरायचा का? मी तडक पाळकसाहेबांकडे गेलो आणि देवळाच्या दारातल्या खोट्यापासून सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, किंवा निदान शास्त्रातला एखादा दाखला काढतील. ते खाटेवर बसून राहिले, हाताने गुडघा चोळत. शेवटी म्हणाले, "तो कोण होता हे मला सांगता येणार नाही. मला कळत असतं तर सांगितलं असतं. पण तुम्ही रोज म्हणाला होता. ती नको म्हणते म्हणून, किंवा तुमच्यापेक्षा चांगलं करणारा कोणी आहे म्हणून, तो शब्द सुटत नाही." एवढंच. मला चहा दिला आणि उद्या लवकर जा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी खोपीपुढे उभा राहिलो. म्हातारीने कान टवकारले. "कोन?" म्हटलं, "मी." "तू कोंता?" असा प्रश्न जन्मात मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "माय, ज्याचा हात कळत नाही, तो." तिने पाय पोटाशी ओढून घेतला आणि वर लुगडं घेतलं. "बस मंग. वाट पाहू." मी तिच्या समोर मातीत बसलो. ती ऐकत होती आणि मीही ऐकत होतो. शाळेची घंटा होऊन गेली. खोपीची सावली आमच्या अंगावरून सरकत गेली. एकदा बाभळीखाली पाचोळा वाजला आणि म्हातारी सावरून बसली, तिने पाय थोडा पुढेसुद्धा केला. मी वळून पाहिलं नाही. ती थंडी, जी मी पळसाखाली अनुभवली होती, ती क्षणभर आमच्या दोघांच्या मधून गेल्यासारखी वाटली आणि मग काही नाही, नुसतं उन्ह. दवाखाना उघडायची वेळ झाली, टळून गेली. मी उठलो नाही. खूप वेळाने म्हातारीने मोठा श्वास सोडला. "नाही येत आता तो." "नाही येत, माय." ती आणखी थोडी थांबली. मग लुगडं बाजूला करून तिने पाय पुढे केला, आणि थकलेल्या माणसाने म्हणावं तसं म्हणाली, "बरं बाप्पा. तू तं तू. कर."

मी पाय मांडीवर घेतला. आता एक गोष्ट कबूल करायची आहे, ती मी पाळकसाहेबांनाही सांगितली नव्हती. इतके महिने मी तिचा पाय मांडीवर कधी घेतला नव्हता. तिच्यापुढच्या एखाद्या दगडावर ठेवायला लावायचो. तिला काही कळत नाही म्हणून खसाखस घासायचो, चिमट्याने ओढायचो, पट्टी आवळून दहा मिनिटांत मोकळा व्हायचो. दुसऱ्या कोणत्याही रोग्याने बोंब मारली असती असा माझा हात होता, आणि मी त्याला सेवा म्हणत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिचा पाय असा धुतला, जणू तिला सगळं कळत होतं. पाणी आधी माझ्या मनगटावर ओतून पाहिलं. बोटांच्या बेचक्यांतली माती एकेक करून काढली. मध्येच तिने विचारलं, "सुरू केलं काय?" म्हटलं, "चालू आहे माय, बस जरा." दवाखान्यात उशिरा गेलो म्हणून डॉक्टरांची बोलणी खाल्ली. खाल्ली तर खाल्ली.

त्यानंतर कौसाबाई दोन पावसाळे जगली. जखमेत कधी किडा पडला नाही. ती गेली ती म्हातारपणाने, झोपेत. रोज बाराला ती विचारायची, "कोन?" आणि मी म्हणायचो, "मीच, माय." तिचा चेहरा जरासा उतरायचा, मग ती पाय पुढे करायची. पायाला तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. आधी आधी तो उतरलेला चेहरा मला फार लागायचा. पुढे सवय झाली, आणि त्याहून पुढे मला तो चेहरा बरा वाटायला लागला, कारण तो पाहिला की आपण कोण आहोत ते नीट ध्यानात राहायचं. देवाची आज्ञा पाळणं म्हणजे काहीतरी मोठं वाटेल, आतून भरून येईल, अशी माझी समजूत होती. बहुतेक दिवशी मला काहीच वाटलं नाही. उन्ह लागलं, पाय दुखले, पावसाळ्यात नाला भरला की कमरेएवढ्या पाण्यातून पिशवी डोक्यावर धरून जावं लागलं. गेलो, धुतलं, बांधलं, परत आलो. एवढंच तर मागितलं होतं.

मी आता म्हातारा झालो आहे आणि रोज सकाळी प्रभूचे आभार मानतो. मुलाबाळांसाठी, दोन वेळच्या भाकरीसाठी मानतोच, पण त्या उन्हाळ्यासाठी जास्त. ते काम त्याच्याकडून माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होत होतं. म्हातारीलाही तोच हवा होता. त्याने ते स्वतःकडेच ठेवलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं, माझ्याशिवाय. पण त्याने ते मला परत दिलं आणि तो निघून गेला.